धावपट्टीआधी ठरवायच्या गोष्टी : शहरांच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महापौर, आयुक्त, नगररचनाकार आणि विमानतळाच्या प्रस्तावावर मत देणारे सर्व लोकप्रतिनिधी यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी कोणापुढे नव्या विमानतळाचा प्रस्ताव आहे, तर कोणापुढे जुन्याच्या विस्ताराचा. सोबत सल्लागारांचा अहवाल जोडलेला असतो आणि त्यात बहुधा तीन आकडे ठळक छापलेले असतात: रोजगार किती निर्माण होतील, गुंतवणूक किती येईल आणि शहराचे उत्पन्न किती वाढेल. मत देण्याआधी या आकड्यांच्या मागे काय दडलेले असते ते आपण पाहावे, एवढ्यासाठी हे पत्र.

मी विमानतळाच्या विरोधात नाही. आपल्या शहरात कामे यावीत, शिकलेल्या मुलांना पोटासाठी दूर जावे लागू नये, असे मलाही मनापासून वाटते. पण जगभरच्या शहरांचा अनुभव पाहिला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. शहरात जे मुळात आहे, त्याला विमानतळ बळ देतो. जे नाही, ते तो आणून देत नाही. आणि त्या वाढीतला वाटा कोणाच्या पदरात पडणार, हे पहिले विमान उतरण्याच्या कितीतरी आधी जमिनीच्या, रेल्वेच्या आणि कंत्राटांच्या कागदांवर ठरून जाते. ते कागद आपल्या हातात आहेत, म्हणून आपल्यालाच लिहितो आहे.

आधी फायद्याबद्दल, कारण तो खरा आहे. अभ्यासकांपुढे बरीच वर्षे एक पेच होता: विमानतळामुळे शहर वाढले, की शहर वाढले म्हणून विमानतळ गजबजला? ब्रुकनर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये हा पेच बराचसा सोडवला. विमान प्रवाशांची संख्या १० टक्क्यांनी वाढली तर त्या महानगरातला सेवा क्षेत्रातला रोजगार सुमारे १ टक्क्याने वाढतो, असे त्यांना आढळले. कारखान्यांतल्या रोजगारावर मात्र तसा परिणाम दिसला नाही. यामागचे कारण समजून घेण्याजोगे आहे. कारखान्याचा बहुतेक माल ट्रकने, रेल्वेने आणि जहाजाने जातो. सल्लागार, वकील, विमा, बँका, सॉफ्टवेअर, संशोधन या कामांना माणसांनी समोरासमोर बसावे लागते, आणि विमान माणसांना समोरासमोर आणते. कंपनीच्या मुख्यालयापासून तिच्या दूरच्या कारखान्यापर्यंत नवी विमानसेवा सुरू होऊन प्रवासाचा वेळ घटला, तर मुख्यालय त्या कारखान्यात ८ ते ९ टक्के जास्त गुंतवणूक करते, असे जिरू यांनी २०१३ मध्ये दाखवले. साहेब सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ शकतात, तिथे पैसा ओतायला ते कचरत नाहीत.

आणखी एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. साधारण ६,००० मैलांपलीकडे विमान न्यायचे तर उड्डाण १२ तासांहून लांबते, जादा वैमानिक लागतात आणि खर्च एकदम वाढतो. त्यामुळे त्या मर्यादेच्या किंचित आत असलेल्या शहरांच्या जोड्यांमध्ये थेट विमाने जास्त आहेत, किंचित बाहेरच्या जोड्यांमध्ये कमी. अंतर जवळजवळ सारखेच. फरक फक्त थेट विमानाचा. काम्पांते आणि यानागिझावा-ड्रॉट या दोघांनी २०१८ मध्ये याच फरकाचा आधार घेतला आणि दाखवून दिले की थेट जोडणी लाभलेल्या विमानतळांच्या परिसरात आर्थिक व्यवहार अधिक वेगाने वाढले, कंपन्यांचे परस्परांतले मालकीसंबंधही वाढले. पण भांडवल श्रीमंत देशांतून मध्यम उत्पन्नाच्या देशांत गेले. अगदी गरीब देशांपर्यंत ते पोहोचले नाही. जिथे काही उभे होते तिथे विमानाने आणखी आणले, जिथे फारसे काही नव्हते ते ठिकाण मागेच राहिले.

आता अमेरिकेतल्या मेम्फिसकडे पाहा. या शहराचे उदाहरण प्रत्येक विमानतळ परिषदेत देतात, पण अर्धेच सांगतात. १७ एप्रिल १९७३ च्या रात्री फेडरल एक्स्प्रेस या पार्सल कंपनीची १४ छोटी विमाने तिथून निघाली आणि त्यांनी २५ शहरांना १८६ पार्सले पोहोचवली. शहर देशाच्या मध्याजवळ होते, हवामानामुळे धावपट्टी क्वचितच बंद पडे, आणि विमानतळाचे चालक कंपनीला हवी ती जागा द्यायला तयार होते. त्यातून जे उभे राहिले त्याने १९९३ ते २००९ या काळात मेम्फिसला जगातला सर्वाधिक मालवाहतुकीचा विमानतळ बनवले. रात्री उशिरा आलेली मागणी सकाळी देशाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचवायची, तर गोदाम त्या धावपट्टीशेजारीच हवे. म्हणून गोदामे आली. कृत्रिम सांधे आणि शस्त्रक्रियेची उपकरणे बनवणारा उद्योग त्या शहरात आधीपासून होता. रुग्णाला नेमक्या मापाचा सांधा दुसऱ्या दिवशी हवा असेल तर तो रातोरात पाठवता येऊ लागला आणि त्या उद्योगाला नवे बळ मिळाले. बीज तिथे होते, विमानाने पाणी घातले.

उरलेली अर्धी गोष्ट अशी. इतका मोठा विमानतळ असूनही मेम्फिस आजही अमेरिकेतल्या अधिक गरिबीच्या मोठ्या शहरांमध्ये मोडते. गोदामांतली बरीच कामे रात्रीची, अर्धवेळ आणि कमी मजुरीची असतात. मालाचा वेग वाढला म्हणून माणसांची मिळकत आपोआप वाढत नाही. शिवाय त्याच विमानतळावर एका मोठ्या विमान कंपनीचे प्रवासी हबही होते, म्हणजे प्रवाशांनी विमाने बदलण्याचे मुख्य केंद्र. दोन कंपन्यांचे विलीनीकरण झाले आणि २०१३ मध्ये ते हब बंद झाले. माल येत राहिला, पण शहरातल्या लोकांना मिळणारी थेट विमाने मात्र घटली. कंपनीचा निर्णय कंपनीच्या मुख्यालयात झाला. शहराला तो कळवण्यात आला.

अमेरिकेतल्याच लुईव्हिल शहराने नेमक्या याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवले. तिथे यूपीएस या पार्सल कंपनीला रात्रपाळीसाठी माणसे मिळत नव्हती, मिळाली तरी टिकत नव्हती. १९९८ मध्ये कंपनी, राज्य सरकार आणि स्थानिक महाविद्यालये यांनी एकत्र येऊन एक योजना काढली: रात्री पार्सलांचे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांची शिक्षणाची फी भरली जाईल. कंपनी त्या शहरात राहिली, वाढली, आणि हजारो मुलामुलींनी कर्ज न काढता पदव्या घेतल्या. रात्रपाळी करून शिकणे सोपे नाही, त्या मुलांच्या झोपेची किंमत मी विसरत नाही. तरीही कंपनीची गरज आणि शहराची गरज एका कागदावर आणणारे कोणीतरी तिथे होते, याचे मला कौतुक वाटते.

हवाई मालवाहतुकीबद्दल थोडे अधिक, कारण आपल्या अहवालात तिचा एक परिच्छेद नक्की असणार. वजनाने पाहिले तर जगाच्या व्यापारातला जेमतेम एक टक्का माल विमानाने जातो. किमतीने पाहिले तर सुमारे एक तृतीयांश. म्हणजे विमानात जातो तो हलका, महाग किंवा नाशवंत माल: औषधे, चिप्स, सुटे भाग, फुले. केनियातल्या नैवाशा तळ्याकाठची फुले नैरोबीच्या विमानतळावरून युरोपात जातात. कोलंबियात बोगोटाच्या पठारावरची फुले मायामीला उतरतात. या साखळीवर लाखो लोकांची घरे चालतात, त्यात बायांची संख्या मोठी आहे. पण फक्त धावपट्टीने हे साधले नाही. शेतापासून विमानाच्या पोटापर्यंत न तुटणारी थंड साखळी, तत्पर तपासणी, रात्री उघडे असणारे सीमाशुल्क कार्यालय आणि नेमक्या वेळी सुटणारे विमान, इतके सगळे जुळले तेव्हा फूल टिकले. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधल्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचे आकाश काही दिवस बंद झाले, तेव्हा केनियात खुडलेली फुले टनांनी फेकावी लागली आणि रोजंदारीवरच्या मजुरांना घरी बसावे लागले. आपल्या प्रस्तावात शीतगृह कुठे आहे आणि सीमाशुल्काची माणसे किती वाजेपर्यंत बसणार आहेत, हे शोधून पाहा. सापडले नाही, तर निर्यातीचा आकडा अजून हवेतच आहे.

ज्या शहरांचा हिशेब चुकला, त्यांची नावे विमानतळ परिषदांत क्वचितच घेतली जातात. आपल्याला मात्र ती ठाऊक असायला हवीत.

कॅनडात माँट्रियलजवळ मिराबेल येथे १९७५ मध्ये भव्य विमानतळ सुरू झाला. त्यासाठी सुमारे ९७,००० एकर जमीन ताब्यात घेतली होती, त्यात सुपीक शेती होती, पिढ्यान्‌पिढ्यांची घरे होती. आंतरराष्ट्रीय विमाने मिराबेलला उतरायची, देशांतर्गत विमाने मात्र शहराजवळच्या जुन्या डोरव्हाल विमानतळावरच राहिली. मध्ये विमान बदलायचे तर प्रवाशाला सामान घेऊन रस्त्याने एका विमानतळावरून दुसऱ्यावर जावे लागे. जोडणारी जलद रेल्वे कागदावर होती, ती कधीच झाली नाही. त्याच काळात विमानांचा पल्ला वाढला, अटलांटिक ओलांडून आल्यावर माँट्रियलला थांबण्याची गरज उरली नाही, आणि कंपन्या टोरंटोकडे वळल्या. २००४ मध्ये मिराबेलवरून शेवटचे प्रवासी विमान गेले आणि पुढे ती इमारत पाडण्यात आली. विमाने बनवणारे कारखाने आणि मालवाहतूक तिथे टिकली, ही जमेची बाजू. पण घेतलेल्या जमिनीचा फार मोठा भाग कशालाच लागला नव्हता. तो मूळ मालकांना परत विकण्यात दशके गेली. तोवर कित्येकांचे आयुष्य सरले होते. मला या प्रकरणातली सर्वांत वाईट गोष्ट हीच वाटते.

स्पेनमधल्या सिउदाद रेआल येथे २००८ मध्ये एक अब्ज युरोहून अधिक खर्चून विमानतळ उघडला. माद्रिदचा दुसरा विमानतळ म्हणून त्याची कल्पना होती, पण माद्रिद तिथून सुमारे २०० किलोमीटरवर, आणि माद्रिदच्या बाराखास विमानतळावर २००६ मध्येच प्रचंड नवे टर्मिनल सुरू झालेले. २०१२ मध्ये सिउदाद रेआलचा विमानतळ बंद पडला आणि पुढे लिलावात खर्चाच्या छोट्याशा अंशाला विकला गेला. कास्तेलोनच्या विमानतळाचे उद्घाटन २०११ मध्ये झाले, पहिले नियमित व्यापारी विमान २०१५ मध्ये आले. ही एका देशाची चूक नव्हती. युरोपीय संघाच्या खर्चाचे हिशेब तपासणाऱ्या युरोपीय लेखापाल न्यायालयाने २०१४ मध्ये पाच देशांतले युरोपीय निधीवर उभारलेले २० विमानतळ तपासले आणि पैशाचा योग्य मोबदला मिळाला नाही, असा निष्कर्ष काढला. प्रवासी येतील तेव्हा येतील, आधी बांधू, ही सगळीकडचीच धारणा होती.

अमेरिकेतल्या पिट्सबर्गची चूक जास्त बोचते, कारण तिथे इमारत उत्तम होती आणि प्रवासीही होते. १९९२ मध्ये एका विमान कंपनीच्या हबसाठी तिथे नवे टर्मिनल उभारले गेले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वर्षाला सुमारे दोन कोटी प्रवासी जात होते. त्यांपैकी बरेच जण फक्त विमान बदलणारे होते. त्यांनी शहर पाहिलेही नव्हते. कंपनी अडचणीत आली, २००४ मध्ये तिने हब हटवले, आणि प्रवासी ८० लाखांच्या घरात आले. टर्मिनलचे कर्ज मात्र राहिले. सेंट लुईसमध्ये नव्या धावपट्टीसाठी सुमारे दोन हजार घरे हटवली. ती धावपट्टी २००६ मध्ये तयार झाली, पण जिच्या वाहतुकीच्या अंदाजावर ती आखली होती ती कंपनी २००१ मध्येच दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन नाहीशी झाली होती. म्हणून आपल्या अहवालातल्या प्रवासी संख्येबद्दल एकच प्रश्न विचारा: यातले किती जण या शहरात येणार किंवा इथून निघणार, आणि किती फक्त विमान बदलणार? पहिल्या प्रकारचे प्रवासी शहराचे, दुसऱ्या प्रकारचे कंपनीचे.

तंत्रज्ञानही पायाखालची वाळू सरकवते. अटलांटिक ओलांडताना विमानांना इंधनासाठी थांबावे लागे, त्या काळात न्यूफाउंडलंडमधले गँडर आणि आयर्लंडमधले शॅनन जगभर ठाऊक होते. जेट विमानांचा पल्ला वाढला तशी विमाने त्यांच्या डोक्यावरून जाऊ लागली. शॅननच्या लोकांनी हे येताना ओळखले. तिथे १९४७ मध्येच जगातले पहिले शुल्कमुक्त दुकान निघाले होते. १९५९ मध्ये त्यांनी विमानतळालगत शुल्कमुक्त औद्योगिक क्षेत्र उभारले, कामगारांसाठी नवे गाव वसवले. पुढे १९७५ मध्ये विमाने भाड्याने देणारी एक कंपनी तिथे सुरू झाली, आणि आज आयर्लंड त्या धंद्याचे जागतिक केंद्र आहे. अलास्कातल्या अँकरेजचेही तसेच. सोव्हिएत आकाश बंद होते तोवर युरोप आणि आशियादरम्यानची प्रवासी विमाने तिथे इंधन भरत. ते संपल्यावर आशिया आणि अमेरिका यांच्यातल्या मालवाहू विमानांनी तो विमानतळ जगवला. दोन्ही ठिकाणी भूगोलाची देणगी होती, पण ती गेल्यावर काय, हा विचार शॅननमध्ये आधी झाला होता.

आता वाट्याचा प्रश्न. माझ्या मते हाच खरा विषय आहे आणि अहवालांत तो कधीच नसतो.

मेनार्ड जॅक्सन १९७४ मध्ये अटलांटाचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. विमानतळाच्या नव्या टर्मिनलचे प्रचंड काम निघाले होते. शहराच्या कंत्राटांपैकी कृष्णवर्णीय व्यावसायिकांच्या हाती तोवर एक टक्कासुद्धा येत नव्हते, आणि शहराच्या लोकसंख्येत तर ते निम्म्याहून अधिक. टर्मिनलच्या कामात अल्पसंख्याकांच्या कंपन्यांना चौथा हिस्सा मिळालाच पाहिजे, यावर जॅक्सन अडून बसले. काम लांबेल, खर्च वाढेल, दर्जा घसरेल, असे त्यांना बजावण्यात आले. ते हलले नाहीत. टर्मिनल १९८० मध्ये वेळेत आणि ठरलेल्या खर्चात उघडले. त्या कंत्राटांतून उभ्या राहिलेल्या कंपन्यांनी पुढे शहरात एक नवा व्यावसायिक वर्ग घडवला. विमानतळ तोच, धावपट्ट्या त्याच. महापौरांनी एक अट घातली आणि पैशाची वाट बदलली. ही अट टर्मिनल बांधून झाल्यावर घालता आली नसती.

मजुरीचेही तसेच. सिअ‍ॅटलजवळच्या सीटॅक या छोट्या शहरात २०१३ मध्ये विमानतळ आणि हॉटेलांतल्या कामगारांसाठी ताशी १५ डॉलर किमान वेतनाचा प्रस्ताव मतदानाला आला आणि अवघ्या ७७ मतांनी मंजूर झाला. सामान चढवणारे, विमाने झाडणारे, चाकाची खुर्ची ढकलणारे लोक आधी थेट विमान कंपन्यांचे कर्मचारी असत. मग कामे कंत्राटदारांकडे गेली आणि मजुरी खाली आली. रोजगारांची संख्या मोजणाऱ्या तक्त्यात हे दोन्ही काळ सारखेच दिसतात. शिवाय पाळी पहाटे चारला सुरू होते आणि पहिली बस पाचला सुटते, असे असेल तर ती नोकरी फक्त ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्यासाठी आहे.

जमिनीबद्दल स्पष्ट लिहितो. विमानतळाची नुसती घोषणा झाली की भोवतालचे भाव चढतात. ज्यांना नकाशा आधी कळतो ते आधी विकत घेतात, आणि शेतकऱ्याला मोबदला मिळतो तो घोषणेच्या आधीच्या भावाने. भाव वाढला तो सरकारी पैशाने बांधलेल्या धावपट्टीमुळे आणि रस्त्यांमुळे. मग त्या वाढीचा मोठा वाटा सार्वजनिक तिजोरीत आणि मूळ मालकांकडे का जाऊ नये? कोपनहेगनने हे करून दाखवले. विमानतळ आणि शहराचे मध्य यांच्यामधल्या ओरेस्टाड या सार्वजनिक मालकीच्या मोकळ्या भागासाठी १९९२ मध्ये कायदा झाला. सार्वजनिक कंपनीने टप्प्याटप्प्याने जमीन विकून मेट्रोचा खर्च उचलला. मेट्रो २००२ मध्ये धावू लागली आणि २००७ मध्ये विमानतळापर्यंत पोहोचली. विक्री अपेक्षेपेक्षा हळू झाली, कर्ज फेडायला जास्त वर्षे लागली, हेही सांगायला हवे. तरी वाढलेला भाव सट्टेबाजांच्या खिशात न जाता रुळांवर उतरला. हाँगकाँगने १९९८ मध्ये नवा विमानतळ आणि त्याची रेल्वे एकाच उन्हाळ्यात सुरू केली, स्थानकांवरच्या बांधकामांतून रेल्वेला उत्पन्न मिळाले. डेन्व्हरला मात्र नव्या विमानतळासाठी १९९५ पासून २०१६ पर्यंत रेल्वेची वाट पाहावी लागली.

आणि ज्यांना विचारलेच जात नाही, ते काय करतात? टोकियोजवळ नारिताची जागा १९६६ मध्ये शेतकऱ्यांना न विचारता ठरवली गेली. त्यातून उसळलेल्या संघर्षात माणसे मेली. विमानतळ १९७८ मध्ये एकाच धावपट्टीवर सुरू झाला आणि दुसरी धावपट्टी २००२ मध्ये आली. संमती मिळवायला दोन वर्षे जास्त लागली असती, तर ती स्वस्तात पडली असती.

आवाजाचा खर्च कोणत्याच रोजगाराच्या तक्त्यात नसतो. म्युनिकने मे १९९२ मध्ये जुना रीम विमानतळ बंद करून नवा सुरू केला, तेव्हा संशोधकांना दुर्मीळ संधी मिळाली. स्थलांतराच्या आधी आणि नंतर त्यांनी दोन्ही ठिकाणची शाळकरी मुले तपासली. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचे वाचन आणि दीर्घकालीन स्मरण खालावले. जुन्याजवळच्या मुलांचे सुधारले. मुलाचे वाचन मागे पडले तर त्याची किंमत शहर पुढची चाळीस वर्षे मोजत राहते. विमानमार्गाखालच्या शाळांना आवाज अडवणाऱ्या खिडक्या आणि भिंती द्यायला किती खर्च येतो, हे प्रस्तावात पहिल्या दिवसापासून असले पाहिजे. लॉस एंजेलिसमध्ये २००४ मध्ये विमानतळ आणि शेजारच्या वस्त्या यांच्यात लेखी करार झाला. त्यात शाळांचा आवाजबंदोबस्त होता, स्थानिकांना नोकरीत प्राधान्य होते. लोकांनी एकत्र येऊन तो मागितला होता.

म्युनिकची जुनी जागाही वाया गेली नाही. रीमवर प्रदर्शन केंद्र आणि घरे उभी राहिली, डेन्व्हरच्या जुन्या स्टेपलटनवर एक संपूर्ण वस्ती वसली, बर्लिनच्या टेंपेलहोफचे मोकळे मैदान नागरिकांनी २०१४ च्या सार्वमतात राखून ठेवले. नवा विमानतळ शहराबाहेर जाणार असेल, तर जुनी जागा हा आपल्या हातातला सर्वांत मौल्यवान भूखंड आहे. तिचा निर्णय नव्याच्या निर्णयाबरोबरच व्हावा.

एक गोष्ट अहवाल लिहिणारे टाळतात, ती अशी की विमान दोन्ही दिशांना उडते. पाहुणे पैसा घेऊन येतात, तसे आपले लोक तो बाहेर घेऊन जातात. ब्रिटनचे रहिवासी परदेशात फिरताना जितके खर्च करतात तितके परदेशी पाहुणे ब्रिटनमध्ये करत नाहीत. मोठ्या शहराचा तज्ज्ञ डॉक्टर तासाभराच्या अंतरावर आला की छोट्या शहरातले रुग्णालय ओस पडू शकते. जुन्या बाजारपेठेतले हॉटेल बंद होऊन विमानतळाच्या रस्त्यावर नवे निघाले, तर अहवालात ते नवे रोजगार म्हणून धरले जातात. आणि ज्या शहराचे पोट एकाच विमानतळावर आहे, त्याचे काय होते ते २०२० मध्ये दिसले. लंडनच्या हीथ्रो विमानतळाचे प्रवासी एका वर्षात ८ कोटी ९ लाखांवरून २ कोटी २१ लाखांवर आले. लंडनच्याच गॅटविक विमानतळाशेजारच्या क्रॉलीसारख्या गावात बरेच लोक त्याच धंद्यात होते, तिथे रोजगारावरचे संकट देशात सर्वांत गंभीर मानले गेले.

तर माझ्या मागण्या या आहेत. रोजगाराचा आकडा निव्वळ द्यावा, म्हणजे दुसरीकडून हलवलेली कामे त्यातून वजा करून. आणि त्यातल्या किती नोकऱ्या कायम, किती कंत्राटी, किती रात्रपाळीच्या, आणि त्यांत मजुरी किती मिळेल, तेही सांगावे. घोषणेच्या आधीच्या काही वर्षांतले त्या परिसरातले सर्व जमीनव्यवहार खरेदीदारांच्या नावांसह जाहीर करावेत. जमीन न वापरल्यास ती किती वर्षांत, कोणत्या भावाने मूळ मालकाला परत मिळेल, हे संपादनाच्या आदेशातच लिहावे. रेल्वे किंवा जलद बस पहिल्या विमानाच्या दिवशी तयार असावी. नसेल तर टर्मिनल उघडू नये. सर्वांत मोठी विमान कंपनी निघून गेली तर कर्ज कोण फेडणार, याचे उत्तर करारात असावे. यांतली एकही मागणी विमानतळ अडवत नाही. कोणत्याही कंपनीला यामुळे तोटा होत असेल, तर तो तोटा आजवर कोण सोसत होते, हे विचारायला हवे.

या पत्राला आपण लेखी उत्तर द्यावे, मतदानाच्या किमान तीन महिने आधी द्यावे, आणि ज्यांची जमीन जाणार आहे त्या प्रत्येक गावात ते त्यांच्या भाषेत वाचून दाखवावे, ही विनंती.

आपला,
एक नागरिक